एच-इंडेक्स जुळत नाही, पेपर नावावर दिसत नाही: काय आणि कुठे तपासायचं

कॅसचा (प्राध्यापकांच्या बढतीचा) फॉर्म भरायचे दिवस आले किंवा नॅकची (संस्थेच्या मूल्यांकनाची) तयारी सुरू झाली, की ग्रंथालयातल्या आमच्या टेबलाशी ठरलेले तीन प्रश्न येतात. "गूगल स्कॉलरवर माझा एच-इंडेक्स ६ आहे, स्कोपसवर ४. खरा कोणता?" "माझा पेपर स्कोपसमध्ये आहे, मी स्वतः पाहिलाय, मग माझ्या नावावर का नाही?" आणि "जर्नलच्या वेबसाइटवर इम्पॅक्ट फॅक्टर ठळक अक्षरांत दिलाय, तरी समितीनं तो का धरला नाही?" स्कोपस, वेब ऑफ सायन्स आणि गूगल स्कॉलर म्हणजे संशोधनलेखांची नोंद ठेवणारे डेटाबेस, साइटेशन म्हणजे एका लेखानं दुसऱ्याचा दिलेला संदर्भ, आणि एच-इंडेक्स व इम्पॅक्ट फॅक्टर हे साइटेशनवरून काढलेले आकडे: पहिला संशोधकाचा, दुसरा जर्नलचा. बडोद्यातले मराठी प्राध्यापक आणि पीएच.डी. करणारी मुलं यांच्याकडून दुसरा प्रश्न जरा जास्तच वेळा येतो. त्याचं कारण आपल्या नावं लिहायच्या पद्धतीत आहे, म्हणून त्या भागावर इथे जास्त लिहिलं आहे. यातल्या बहुतेक दुरुस्त्या घरबसल्या, स्वतःच्या स्वतः करता येतात. कुणालाही पैसे द्यावे लागत नाहीत.

एकाच माणसाचे तीन आकडे

एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ मध्ये मांडली. हिशेब सोपा आहे. सगळे पेपर साइटेशनच्या उतरत्या क्रमानं लावायचे आणि साइटेशनचा आकडा जिथपर्यंत अनुक्रमांकाइतका किंवा त्याहून जास्त आहे तिथपर्यंत मोजत जायचं. समजा एका बाईंचे ७ पेपर आहेत आणि स्कोपसमध्ये त्यांना अनुक्रमे २३, १४, ९, ६, ४, ३ आणि ० साइटेशन आहेत. चौथ्या पेपरला ६ आहेत, ते चाराहून जास्त. पाचव्याला ४ आहेत, ते पाचाहून कमी. म्हणजे एच-इंडेक्स ४. त्याच सात पेपरांना गूगल स्कॉलर ३१, २०, १५, ९, ७, ६ आणि २ साइटेशन दाखवतं. इथे सहाव्या पेपरला ६ आहेत, म्हणून एच-इंडेक्स ६. गूगल आणखी एक आकडा दाखवतं, आय-टेन इंडेक्स. किमान १० साइटेशन मिळालेले पेपर किती, एवढाच त्याचा अर्थ. या बाईंचा तो ३.

४ आणि ६ हे दोन्ही आकडे बरोबर आहेत. प्रत्येक डेटाबेस फक्त स्वतःकडे नोंदलेल्या लेखांनी दिलेली साइटेशन मोजतो. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स जर्नल निवडून घेतात, त्यांच्या निवडीचे निकष आहेत, नंतर एखादं जर्नल ते वगळतातही. गूगल स्कॉलर वेबवर जे विद्वत्तापूर्ण वाटेल ते गोळा करतं: प्रबंध, प्रीप्रिंट, पुस्तकं, परिषदांमधले निबंध, आणि एकाच लेखाच्या दोन प्रतीसुद्धा. त्यामुळे तिथला आकडा बहुतेक वेळा मोठा असतो, आणि तो घटूही शकतो. एखाद्या संस्थेनं वेबसाइट बदलली आणि जुन्या पीडीएफ उडाल्या, की काही दिवसांनी तिथून आलेली साइटेशनही जातात. रातोरात दोन साइटेशन कमी झाली म्हणून घाबरून येणाऱ्यांना मी आधी हेच सांगते.

म्हणून आकडा कधीच सुटा लिहू नका. ‘एच-इंडेक्स ४, स्कोपस’ आणि पुढे पाहिल्याची तारीख, असं लिहा. तीन आकड्यांची सरासरी काढून लिहिणारेही भेटतात. त्या सरासरीला काहीच अर्थ नाही.

वेब ऑफ सायन्सबद्दल एक बारकावा. तिथे ‘साइटेशन रिपोर्ट’ काढला तर तो तुमच्या संस्थेनं वर्गणी भरलेल्या वर्षांपुरता असतो, त्यामुळे दोन संस्थांत बसून काढलेले रिपोर्ट वेगळे येऊ शकतात. लेखकाच्या प्रोफाइलवरचा आकडा धरलात तर ही भानगड राहत नाही.

नावाचं दुखणं

खरं घोडं इथे पेंड खातं.

समजा माधुरी वसंत जाधव नावाची मुलगी बडोद्यात शिकली. आपल्याकडे गुणपत्रिकेपासून परीक्षेच्या फॉर्मपर्यंत आडनाव आधी लिहायची सवय: जाधव माधुरी वसंत. पहिला पेपर पाठवताना तिनं नाव तसंच लिहिलं. परदेशी जर्नलच्या लेखी शेवटचा शब्द म्हणजे आडनाव, त्यामुळे नोंद झाली ‘वसंत, जे. एम.’ दुसरा पेपर गाइडनी पाठवला, तिथे ‘जाधव, एम. व्ही.’ झालं. तिसऱ्यात मधलं नाव गाळलं गेलं आणि उरलं ‘जाधव, एम.’ या नावाचे संशोधक देशभर किती असतील याचा अंदाज तुम्हीच करा. मग लग्न झालं आणि चौथा पेपर ‘शिर्के, माधुरी आर.’ या नावानं आला. चार पेपर, आणि डेटाबेसच्या दृष्टीनं चार निरनिराळ्या व्यक्ती.

त्यात स्पेलिंग. बडोद्याच्या राजघराण्याचं गायकवाड हे आडनाव रोमन लिपीत ‘ए’नंतर ‘ई’ घालून लिहितात, पुण्याकडचे बरेच गायकवाड ‘ए’नंतर ‘आय’ घालतात. एकाच माणसाच्या दोन पेपरांत दोन स्पेलिंग आली, तर प्रोफाइल फुटायला तेवढं पुरतं.

आणि संस्थेचं नाव. शहराचं अधिकृत नाव १९७४ मध्ये वडोदरा झालं, पण १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या नावात बडोदा राहिलं. मग कुणी पूर्ण नाव लिहितं, कुणी ‘एम. एस. युनिव्हर्सिटी’, कुणी नुसतं ‘एमएसयू’. अमेरिकेतलं मिशिगन स्टेट आणि रशियातलं मॉस्को स्टेट यांनाही एमएसयूच म्हणतात. स्कोपसची यंत्रणा नाव, ईमेल, संस्था, विषय आणि सहलेखक अशा खुणा जुळवून पेपर एका माणसाखाली गोळा करते. खुणा पुरेशा जुळल्या नाहीत, तर त्या एका पेपरापुरती वेगळी प्रोफाइल तयार होते. विभागाचं आणि विद्यापीठाचं पूर्ण नाव प्रत्येक पेपरात एकसारखं लिहिणं, एवढ्यानंही पुढचा पुष्कळ त्रास वाचतो.

फुटलेल्या प्रोफाइलनं किती नुकसान होतं ते वरच्याच सात पेपरांवर पाहा. २३, ९ आणि ४ साइटेशनवाले पेपर एका नावाखाली गेले आणि १४, ६, ३, ० वाले दुसऱ्या नावाखाली. दोन्हीकडे एच-इंडेक्स ३ दिसतो. एकत्र केल्यावर तो ४ होतो, ३ आणि ३ मिळून ६ होत नाही. हे आधीच समजून घ्या, म्हणजे प्रोफाइल जोडल्यावर निराशा होणार नाही.

दुरुस्ती अशी. स्कोपसचं पूर्ण दालन संस्थेच्या वर्गणीवर उघडतं, पण लेखक शोधायची सोय ‘स्कोपस प्रिव्ह्यू’मध्ये मोफत आहे. ‘ऑथर’ शोधात आधी खरं आडनाव टाका. मग वडिलांचं नाव आडनावाच्या चौकटीत टाकून पाहा. ही पायरी बहुतेकांच्या डोक्यात येत नाही आणि हरवलेले पेपर नेमके इथेच सापडतात. मग माहेरचं आडनाव, सासरचं आडनाव, प्रत्येक स्पेलिंग. ज्या ज्या प्रोफाइल तुमच्या आहेत त्यांना खूण करून एकत्र करायची विनंती पाठवा. त्यासाठी मोफत खातं उघडावं लागतं. पुढच्या पानांवर कोणतं नाव ठेवायचं, कोणते पेपर आपले, कोणते नाहीत, सध्याची संस्था कोणती, हे सगळं विचारलं जातं. सावकाश भरा. दुसऱ्या एम. जाधवांचा पेपर तुमच्या नावावर चिकटला असेल तर आकडा घसरला तरी तो काढा. मुलाखतीत त्या पेपरावर प्रश्न आला तर उत्तर कोण देणार?

वेब ऑफ सायन्समध्येही आपल्या नावाची नोंद ‘क्लेम’ करायची सोय आहे. गूगल स्कॉलरवर प्रोफाइल स्वतः बनवावी लागते, आणि तिथे नवे पेपर आपोआप जोडण्याऐवजी आधी ईमेलनं विचारण्याचा पर्याय निवडावा. तो न निवडल्यानं नामसाधर्म्याचे पेपर आत शिरलेले मी कितीतरी प्रोफाइलवर पाहिले आहेत. एकाच पेपराच्या दोन नोंदी दिसल्या तर दोन्हींवर खूण करून ‘मर्ज’ करा.

कायमचा उपाय म्हणजे ऑर्किड हा संशोधकाचा ओळखक्रमांक. १६ अंकी, मोफत, २०१२ पासून चालू. लग्नानंतर नाव बदललं, नोकरी बदलली, तरी क्रमांक तोच राहतो, आणि नावाची सगळी रूपं त्यात नोंदवता येतात. पीएच.डी.ला नाव नोंदवलं त्याच आठवड्यात तो काढावा आणि पेपर पाठवताना दर वेळी द्यावा. मग स्कोपसच्या प्रोफाइलशी जोडावा. ऑर्किड साइटेशन मोजत नाही. तो फक्त माणूस ओळखतो. आपल्या नेमक्या अडचणीला तेवढंच हवं आहे.

सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बोर्डन यांना बोलावून ग्रंथालयांची जी घडी घालून घेतली, तिचा अभिमान इथे ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला आहे. लेखकाची नोंद कोणत्या नावाखाली करायची, हा प्रश्न तेव्हाच्या कार्डांवरही होताच. आज ते कार्ड कुठेतरी दूरचं यंत्र भरतं, म्हणून ते तपासायचं काम आपल्याला करावं लागतं.

पेपर सापडतच नाही तेव्हा

नावानं शोधू नका. डीओआय, म्हणजे लेखाला मिळालेला कायमचा ओळखक्रमांक, टाकून शोधा. डीओआय नसेल तर शीर्षकानं. स्कोपसमध्ये दुहेरी अवतरणचिन्हात टाकलेला शब्दसमूह थोडा सैल धरला जातो, विरामचिन्हं आणि एकवचन-अनेकवचन यांकडे यंत्र दुर्लक्ष करतं. महिरपी कंसात टाकलात तर अक्षरन्‌अक्षर जुळावं लागतं. त्यामुळे आधी अवतरणचिन्ह, आणि फारच भाराभर निकाल आले तर महिरपी कंस. रासायनिक सूत्रं किंवा ग्रीक अक्षरं असलेली शीर्षकं पूर्ण टाकण्यात अर्थ नाही, कारण ती नोंदीत कशी उतरली असतील सांगता येत नाही. शीर्षकातले तीन-चार ठळक शब्द घ्या आणि एखाद्या सहलेखकाचं आडनाव जोडा.

तरीही नाही सापडला तर जर्नलकडे वळा. स्कोपसची ‘सोर्सेस’ यादी मोफत उघडते. जर्नल नावानं नको, आयएसएसएन या त्याच्या ओळखक्रमांकानं शोधा आणि त्याच्या पानावर कोणत्या वर्षांपासून कोणत्या वर्षापर्यंत नोंद आहे ते बघा. जर्नल २०१९ पासून घेतलं असेल आणि तुमचा पेपर २०१७ चा असेल, तर तो तिथे नसणार. जर्नल मध्येच वगळलं गेलं असेल तर आधीचे पेपर सहसा राहतात, नंतरचे येत नाहीत. ‘स्कोपस इंडेक्स्ड’ हे जर्नलच्या मुखपृष्ठावर वाचून पेपर पाठवलेल्या मुलांना हे उशिरा कळतं, आणि तेव्हा मला फार वाईट वाटतं, कारण कष्ट तर खरेच केलेले असतात.

घरून काही उघडतच नसेल तर तो शोधाचा दोष नाही. वर्गणीचे डेटाबेस संस्थेच्या नेटवर्कवर चालतात. बाहेरून वापरायला विद्यापीठांची ग्रंथालयं जोडणाऱ्या गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही लॉगिन सोय तुमच्या संस्थेनं घेतली आहे का, ते ग्रंथपालांना विचारा.

साइटेशन दिलंय, पण मोजलं गेलं नाही

उद्धृत करणाऱ्यानं तुमचं नाव, वर्ष किंवा खंडाचा आकडा चुकीचा लिहिला, की यंत्राला दुवा लावता येत नाही. वेब ऑफ सायन्समध्ये यासाठी ‘साइटेड रेफरन्स सर्च’ हे स्वतंत्र दालन आहे. आपलं नाव आणि जर्नलचं संक्षिप्त नाव टाकलं की एकाच पेपराची चार-पाच विद्रूप रूपं समोर येतात: कुठे पान चुकलेलं, कुठे आद्याक्षर. त्याची दुरुस्ती मागता येते. विनंतीत तुमच्या पेपराचा डीओआय, उद्धृत करणाऱ्या पेपराचा डीओआय आणि त्याच्या संदर्भसूचीतला नेमका क्रमांक लिहा. ‘माझी साइटेशन कमी दाखवली आहेत’ एवढंच लिहिलेल्या पत्राचं काही होत नाही.

गूगल स्कॉलरवर ‘साइटेड बाय’ उघडून त्या निकालांमध्येच पुन्हा शोधायची चौकट असते. कुणी आपलं काम कशासाठी वापरलं, नुसतं यादीत टाकलं की त्यावर खरंच पुढचं काम उभं केलं, हे तिथे समजतं. मला विचाराल तर संशोधकानं सगळ्यात जास्त वेळ याच चौकटीत घालवावा.

जर्नलचा आकडा

इम्पॅक्ट फॅक्टर जर्नलचा असतो, तुमच्या पेपराचा नाही आणि तुमचा तर नाहीच. यूजीन गारफील्ड यांच्या संस्थेत तो रुजला आणि १९७५ पासून जर्नल साइटेशन रिपोर्ट्समधून निघू लागला. २०२५ चा इम्पॅक्ट फॅक्टर म्हणजे २०२३ आणि २०२४ मध्ये छापलेल्या मजकुराला २०२५ मध्ये मिळालेली साइटेशन, भागिले त्या दोन वर्षांतले लेख आणि समीक्षालेख. १८० साइटेशन आणि १२० लेख असतील तर १.५. स्कोपसचा साइटस्कोर चार वर्षांचा हिशेब धरतो: २०२२ ते २०२५ मधल्या ३०० लेखांना त्याच चार वर्षांत ८४० साइटेशन मिळाली तर २.८. जर्नल तेच. आता वेबसाइटवर २.८ लिहून वर ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ असं शीर्षक दिलं, तर समिती तो आकडा नाकारणारच.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर थॉमसन रॉयटर्सच्या यादीप्रमाणे धरायचा असं लिहिलं आहे. ती यादी २०१६ पासून क्लॅरिव्हेट या कंपनीकडे आहे, वेब ऑफ सायन्सही तिचंच. १ पेक्षा कमी असेल तर १० गुण, १ ते २ ला १५, २ ते ५ ला २०, अशी चढती पायरी आहे. म्हणून एसजेआर (स्किमागो या संकेतस्थळावरचा जर्नलचा आकडा), साइटस्कोर किंवा भारदस्त नावाच्या कुठल्याही अनोळखी ‘फॅक्टर’चा आकडा त्या रकान्यात चालत नाही. पैसे भरले की मिळणारे असे फॅक्टर बाजारात पुष्कळ आहेत. क्लॅरिव्हेटच्या यादीत जर्नल नसेल तर फॅक्टर नाही, विषय संपला.

वेब ऑफ सायन्सच्या ‘इमर्जिंग सोर्सेस’ या उदयोन्मुख जर्नलच्या यादीतल्या जर्नलना इम्पॅक्ट फॅक्टर नसतो असं अजूनही सांगितलं जातं. २०२३ पासून त्यांनाही तो मिळतो, आणि त्याच वर्षापासून तो एकाच दशांश स्थळापर्यंत दाखवतात. चालू वर्षाच्या यादीचं पान छापून फॉर्मला जोडा.

क्वार्टाइलचंही, म्हणजे विषयातल्या जर्नलच्या क्रमवारीतल्या चतुर्थांशाचंही, तसंच. एकच जर्नल एका विषयात पहिल्या चतुर्थांशात आणि दुसऱ्यात तिसऱ्या चतुर्थांशात असू शकतं. स्किमागोचा क्वार्टाइल आणि क्लॅरिव्हेटचा क्वार्टाइल वेगळेही येतात. यादीचं नाव, विषय आणि वर्ष, तिन्ही लिहा.

यूजीसीनं फेब्रुवारी २०२५ मध्ये मान्य जर्नलची केअर यादी बंद केल्याचं जाहीर केलं, तेव्हापासून जर्नल पारखायचं काम आपल्यावरच जास्त आलं आहे. खऱ्या जर्नलचं नाव आणि आयएसएसएन चोरून उभी केलेली बनावट वेबसाइट ओळखायला एक चाचणी फार उपयोगी पडते. स्कोपसमधल्या त्या जर्नलच्या ताज्या पेपरांची शीर्षकं घ्या आणि वेबसाइटवरच्या ताज्या अंकाशी ताडून पाहा. जुळत नसतील तर तिथे पेपर पाठवू नका.

संस्कृत, मराठी, इतिहास शिकवणाऱ्यांसाठी

तुमचा एच-इंडेक्स १ किंवा २ दिसला तर यंत्राकडे तुमच्या विषयाचा माल नाही, एवढंच समजा. १९१६ पासून चालत आलेली गायकवाड ओरिएंटल सिरीज किंवा बडोद्याच्या प्राच्यविद्या मंदिरानं काढलेली वाल्मीकि रामायणाची चिकित्सक आवृत्ती यांचं मोल जगभरच्या अभ्यासकांना ठाऊक आहे, पण पुस्तकांना मिळालेली साइटेशन हे डेटाबेस अपुरीच टिपतात. मराठी आणि गुजराती नियतकालिकांतली तर जवळजवळ नाहीतच. संशोधनाचं मोजमाप कसं करावं हे सांगणाऱ्या २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यातल्या दहा तत्त्वांपैकी एक तत्त्व स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाचा दर्जा जपण्याबद्दलच आहे, आणि निवड समितीवर बसणाऱ्यांनी ते वाचलेलं असावं अशी माझी कळकळीची इच्छा आहे.

तोवर पुरावा आपणच जमवायचा. स्कोपसमध्ये ‘सेकंडरी डॉक्युमेंट्स’ हा भाग उघडा. डेटाबेसमध्ये नोंद नसलेली, पण तिथल्या लेखांनी उद्धृत केलेली पुस्तकं त्यात दिसतात. वेब ऑफ सायन्सच्या साइटेड रेफरन्स सर्चमध्ये पुस्तकाचं नाव सगळ्या रोमन रूपांनी टाका. गूगल बुक्समध्ये अवतरणचिन्हात शीर्षक शोधा. मग एक तक्ता करा: कोणी, कोणत्या ग्रंथात, कोणत्या पानावर आपल्याला उद्धृत केलं. छापील पानाची प्रत मिळाली तर ती जोडा, आणि एच-इंडेक्सच्या रकान्यात आकड्याशेजारी ‘सोबतचा तक्ता पाहावा’ असं लिहा.